सिन्यार आनचं हरवलेलं सोनं

१

चर्चची दुसरी घंटा झाली तरी सिन्यार आन घराबाहेर पडली नाही, तेव्हाच आमच्या गल्लीत कुजबुज सुरू झाली. नदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या या सां-लुई बेटावर फ्रेंच व्यापाऱ्यांशी संसार मांडणाऱ्या इथल्या श्रीमंत बायांना सिन्यार म्हणतात. रविवारी कोणती सिन्यार अंगावर किती सोनं घालून आली हे पाहायलाच निम्मं गाव चर्चला जातं. त्यात आनचं सोनं म्हणजे गलामचं, नदीच्या पार वरच्या अंगाहून आलेलं, सोनाराने जाळीसारखं विणलेलं. तिसऱ्या घंटेऐवजी तिची किंकाळी ऐकू आली.

मी ग्रेग्वार, इथल्या न्यायसभेचा दुभाषी. आई सिन्यार, बाप फ्रेंच व्यापारी, तो एके दिवशी जहाजात बसला तो गेलाच. म्हणजे बेटावरच्या अर्ध्या लोकांची कथा तीच माझी. फ्रेंच आणि वोलोफ दोन्ही भाषा तोंडात असल्याने कुठेही भानगड झाली की पहिलं बोलावणं मला येतं.

वरच्या मजल्यावर आनच्या शेजघरात नक्षीची पेटी उघडी पडली होती. कुलपाची कडी उचकटलेली, आत नुसतं अस्तर उरलेलं. आन पलंगावर ताठ बसली होती. तिचं उंच निमुळतं डोक्याचं फडकंही जराही हललं नव्हतं.

"पेंदा," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

पेंदा, आनच्या घरची गुलाम, खाली अंगणात बाजरी कांडत होती, पाठीशी तान्ही पोर बांधलेली. तिच्या उखळामागे आनच्या नोकरांना लोखंडाची कांब सापडली. आमच्याकडे असल्या कांबा पैशासारख्या चालतात. पाँडिचेरीहून आलेलं निळं कापड आणि ही लोखंडाची कांब, या दोहोंवर नदीकाठी गोंद मिळतो आणि माणसंही मिळतात.

आता आमची एक रीत सांगतो. या घरांच्या खालच्या मजल्यावर कोठारं असतात. एकात गोंद, एकात कापड आणि बाकीच्यांत माणसं, जहाजाची वाट पाहत बसलेली. त्यांचा वास वर येतो, म्हणून वर अत्तर शिंपडून लोक जेवायला बसतात. पण घरचा गुलाम वेगळा. जो अंगणात जन्मला आणि घरच्यांचं उरलंसुरलं खाऊन वाढला, त्याला समुद्रापार विकायचं नाही. या रीतीचा आम्हाला केवढा अभिमान! पाद्रीबुवा प्रवचनात तिचे गोडवे गातात. अपवाद एकच, घरच्याने चोरी केली तर त्याला जहाजावर चढवायला मोकळीक.

आणि जहाज तयारच होतं. कप्तान केर्गोआ आनच्याच घरी पाहुणा होता. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर लाट चढलेली असली की जहाज बाहेर पडत नाही. लाट उतरली की जहाजावरून तोफ वाजायची आणि मग पेंदाला कुणी वाचवू शकणार नव्हतं.

"आणि पोर?" मी विचारलं.

"पोर जाईल तिच्याबरोबर," आन म्हणाली. "मी काही निर्दयी नाही. आईपासून लेकरू तोडायचं पाप मला नको."

मला शिसारी आली. पण दुभाष्याच्या तोंडावर ते दिसून चालत नाही.

२

आनने ओरडण्याआधीच दारं लावून घेतली होती, त्यामुळे घरातून कुणीही बाहेर पडलेलं नव्हतं. नगरप्रमुखांची माणसं आली आणि झडती सुरू झाली. मला त्यांच्याबरोबर फिरावं लागलं. घरच्या बायांना अंगणात उघडं करून तपासलं, केसांत बोटं घातली, तोंडात बोटं घातली. आनचा भाऊ निकोला जिन्यावर उभा राहून ते बघत होता आणि शेंगदाणे खात होता. त्याला आणि कप्तानाला मात्र "माफ करा हं, मुस्यू" म्हणून नुसतं चाचपलं. पण चाचपलं नीट, त्यांच्याकडेही काही नव्हतं.

उखळं पालथी केली, गोंदाची पोती ओतली. शेवटी आनचा पलंग सरकवायची वेळ आली, तेव्हा ती उठली. पलंगाच्या पायथ्याशी एक टोपली होती आणि तिच्यात निळ्या कापडात बांधलेली पुडी. आनने ती दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. एका शिपायाने तर क्रूसाची खूण केली.

ती वाळू होती, तिच्या नवऱ्याची. मुस्यू द्युबार फ्रान्सला गेला तेव्हा किनाऱ्यावर त्याचं शेवटचं पाऊल उमटलं, त्या पावलातली वाळू आनने ओंजळीत घेऊन बांधून ठेवली होती. इथल्या सगळ्या सिन्यार बाया असंच करतात. नवरा परत येईतो किंवा त्याची काही बातमी येईतो ती पुडी सोडायची नाही. सोडली तर तो समुद्रातच जायचा.

सोनं कुठेच सापडलं नाही. पेंदाला बेड्या घालून न्यायसभेच्या कोठडीत नेलं. दुपारी मी घरी येऊन जेवायला बसलो. तेवढ्यात दारात काठी आपटली.

"ग्रेग्वार, ऊठ मेल्या," बाहेरून आवाज आला. "मला आनचं घर बघायचंय."

३

पेर्पेत्यू मावशी म्हणजे या बेटावरची सगळ्यात म्हातारी सिन्यार. तिचे तीन फ्रेंच नवरे करून झालेत. कोलाचं फळ चघळते, लाल थुंकते आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरते. नगरप्रमुखांना तिने लहानपणी चोप दिलेला आहे, त्यामुळे तेही तिला अडवत नाहीत.

"तुला पेंदाचा एवढा कळवळा कशाला?" वाटेत मी विचारलं.

"कळवळा?" मावशी थुंकली. "माझ्या अंगणात चाळीस माणसं आहेत. ती रात्री माझं घर का पेटवत नाहीत? कारण त्यांना ठाऊक आहे की म्हातारी आपल्याला जहाजावर घालणार नाही. आज आनने पेंदाला नुसत्या संशयावर विकलं, तर उद्या माझ्या घरात कुणी झोपेल का शांत? मी तर नाही झोपणार."

ही आमच्या गावची दया! पण पेंदाच्या बाजूने दुसरं कुणीच उभं नव्हतं, म्हणून मी तिच्यामागे चालत राहिलो.

मावशीने पेटीजवळ बसकण मारली. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग झाकण खाली पाडलं, पुन्हा उघडलं.

"कांबेचे वण बघ कुठे आहेत."

मी वाकून पाहिलं. वण झाकणाच्या आतल्या बाजूला होते. पेटी बंद असताना तिथे सुईसुद्धा शिरली नसती.

"म्हणजे आधी किल्लीने उघडली," मी म्हणालो, "आणि मग कडी उचकटली."

"आणि कांब नेऊन पेंदाच्या उखळामागे टाकली. ज्याच्या हाती किल्ली होती त्यानेच घेतलंय. किल्ली असते आनच्या कमरेला, बाजाराच्या दिवशी निकोलाकडे, आणि घरात झोपणाऱ्या पाहुण्याने ढापली तर कप्तानाकडे." ती उठली. "चल, आधी त्या शेंगदाणेखाऊला भेटू."

४

निकोला गच्चीवर होता. गळ्यात ताईत, दंडात ताईत, कमरेला ताईत. चर्चच्या क्रूसालाही त्याने त्यांच्यात जागा करून दिली होती.

"मी माझ्याच बहिणीचं सोनं चोरू?" तो भडकला. "मावशी, तुझं वय झालंय म्हणून ऐकून घेतो."

"काल जुगारात हरलास ना रे?"

"हरलो. मग काय झालं? द्युबार भावजी परत आले की माझं सगळं मार्गी लागणार आहे. त्यांनी शब्द दिलाय, वरच्या नदीची सगळी खरेदी माझ्या हाती. मी रोज त्यांच्यासाठी मेणबत्ती लावतो!"

"आणि झडतीत ती पुडी बहिणीने उचलली, तेव्हा तू कुठे होतास?"

निकोलाने ताईत चाचपला. "दाराबाहेर. मी त्या पुडीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. चुकून धक्का लागला आणि भावजींचं जहाज बुडालं तर?"

मावशी हसली. तिचं असं हसणं मला कधीच आवडलं नाही.

तिथून आम्ही कोठडीत गेलो. पेंदा भिंतीला टेकून पोरीला पाजत होती. मी कायद्याप्रमाणे तिच्याशी वोलोफमध्ये बोललो.

"पेंदा, सोन्याची पेटी तू कधी पाहिलीस?"

"दादा, मी वर कधी जाते? माझी जागा उखळापाशी. वर एकदाच गेले होते, मालकीण नदीकाठी गेली होती तेव्हा. मुस्यूंनी बोलावलं म्हणून." ती थांबली. "मी गेले नाही. मला नेलं."

मावशीने काठीने पोरीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. मारेम तिचं नाव. पोरीने डोळे उघडले, ते करडे, द्युबारच्या डोळ्यांसारखे.

"मालकिणीला हे कधी दिसलं?" मावशीने विचारलं.

"सगळ्या गावाला दिसतं," पेंदा म्हणाली. "तिला तर माझ्याआधी दिसलं. इतके दिवस ती काही बोलली नाही. नवरा परत येईल आणि पोरीला जीव लावेल म्हणून दोघींना पोसत होती. पण हे जहाज आलं आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातचं पाणी घेणं बंद केलं."

"जहाज आल्यावरच?"

"हो. काय झालं ते मला ठाऊक नाही. दादा, ते मला नेतील का?"

त्याच वेळी नदीच्या मुखाकडून वाऱ्याची दिशा बदलली, आणि बाहेरचा शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "लाट उतरायला लागली बघ."

५

कप्तान केर्गोआ आनच्या जेवणघरात मासा खात होता. बोटं चाटत त्याने आम्हाला बसायला सांगितलं.

"ती बाई मला द्यायची की नाही ते एकदाचं ठरवा," तो म्हणाला. "अंगावर दूध आहे तिच्या. मी खाली तळात पोरंसुद्धा नेतोय, वाटेत मेली तर माझं नुकसान. एक दुधाची बाई असली की बरं पडतं."

हे तो खाता खाता बोलला. मी खिडकीकडे पाहत राहिलो.

"कप्तान, झडतीत आनने ती निळी पुडी उचलली, पाहिलीत ना?" मावशीने विचारलं.

"कसली पुडी? हां, ते मातीचं गाठोडं! मला वाटलं काही औषधबिवषध असेल. तुमच्याकडे माती पण जपून ठेवतात होय?"

"ठेवतात. तिच्या नवऱ्याच्या आठवणीसाठी."

"द्युबारच्या?" कप्तान मोठ्याने हसला, माशाचा काटा त्याच्या मिशीला चिकटला. "अहो, त्याने तिकडे फ्रान्समध्ये, ला रोशेलला लग्न केलं की! चांगल्या घरची मुलगी, हुंड्यात द्राक्षाचा मळा. मी स्वतः जेवलो त्या लग्नात. तो काय परत येतोय आता!"

मावशीच्या तोंडातलं कोला चघळणं थांबलं. "हे तुम्ही आनला सांगितलंत?"

"आल्या दिवशीच सांगितलं. बाई मोठी खंबीर. पापणीसुद्धा हलली नाही. एवढंच म्हणाली, कुणाला बोलू नका."

तोफ वाजली. कप्तानाने तोंड पुसलं आणि तो उठला. "लाट उतरली. मंडळी, जे काय ते आत्ता."

६

नगरप्रमुखांच्या बैठकीत न्यायसभा भरली. पेंदाला बेड्यांसकट उभं केलं. तिच्या शेजारी कप्तानाचे दोन खलाशी दोर घेऊन तयारच होते. दारात निम्मं गाव जमलं होतं. आन शेवटची आली. पांढऱ्या वस्त्रात, छातीशी तीच निळी पुडी धरून, पतिव्रतेचा पुतळा जणू. बायांनी हळहळून सुस्कारे टाकले.

"आटपा," नगरप्रमुख म्हणाले. "पेर्पेत्यू मावशी, तुम्हाला काही सांगायचंय म्हणे."

मावशीने पेटीच्या वणांचं आधी सांगितलं. मी पाहिलं होतं, मी साक्ष दिली. सभेत चुळबूळ झाली.

"तेव्हा चोराकडे किल्ली होती," मावशी म्हणाली. "पेंदा वर फिरकतही नाही, तिला किल्ली कोण देतो? राहिले तिघे, निकोला, कप्तान आणि आन. आता सोनं घराबाहेर गेलेलं नाही, दारं बंद होती. झडतीत सगळं पालथं केलं. न उघडलेली एकच वस्तू घरात उरली. ती आत्ता आनच्या छातीशी आहे."

दारातून देवाच्या आईच्या नावाने धावा झाला. निकोला ओरडला, "मावशी, भावजी मरतील!"

"बघा," मावशीने काठी त्याच्याकडे केली. "हा पुडीला हात लावेल? द्युबारच्या परतण्यावर याचं सगळं नशीब टांगलेलं. हा नव्हे. कप्तानाला भीती नाही, पण त्याला ती पुडी म्हणजे माती. कुणी उघडणार नाही हे ज्याला ठाऊकच नाही, तो तिच्यात सोनं कशाला लपवेल? तो तर म्हणेल, नोकराणी झाडून टाकेल. म्हणजे लपवणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली, या पुडीला गावात कुणी बोट लावणार नाही. दुसरी, ती उघडली तरी आता बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही, कारण द्युबार परत येणारच नाही."

तिने कप्तानाला लग्नाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. तो घाईत होता, त्याने भरभर सांगून टाकली. निकोला मटकन खाली बसला.

"या दोन्ही गोष्टी गावात एकालाच ठाऊक होत्या," मावशी म्हणाली. "तू नवऱ्याची वाट बघेनाशी झालीस, आन. मग त्या करड्या डोळ्यांच्या पोरीला पोसायचं तुला कारण उरलं नाही. रीत आडवी आली, म्हणून पेंदाला चोर केलंस."

"थेरडीला वेड लागलंय," आन शांतपणे म्हणाली.

"असेल. मी तीन नवऱ्यांची वाळू भरलीय." मावशीने कमरेच्या पिशवीतून तीन पुड्या काढून मेजावर टाकल्या. एकेक लिंबाएवढी. "एका पावलात मावते ती इतकीच. आता तू तुझी पुडी एका तळहातावर ठेव, हात सरळ लांब कर आणि पेंदाने चोरी केली अशी शपथ घे. ग्रेग्वार सांगतो, सकाळी तुला दोन्ही हात लागले होते."

लागले होते. मला तेव्हा ते प्रेम वाटलं होतं.

आनने हात लांब केला. तिला दुसरं काही करताच येईना, सगळं गाव बघत होतं. पुडी तळहातावर आली तसं तिचं मनगट खाली वाकलं, ते तिने सावरलं, ते पुन्हा वाकलं. कापडाच्या आतून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. मग तिने पुडी मेजावर टाकली आणि स्वतःच गाठ सोडली. गलामचं सगळं सोनं बाहेर पडलं, वर चिमूटभर वाळू चिकटलेली.

७

मला वाटलं होतं, आता आनची धिंड निघेल. मी मूर्ख.

नगरप्रमुखांनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली, घसा खाकरला. "सोनं सिन्यार आनचं. ते तिनेच ठेवलं, तिच्याकडेच मिळालं. स्वतःच्या वस्तूची चोरी होत नाही. चोरी नाही म्हणजे चोर नाही. आणि चोर नसलेल्या घरच्या गुलामाला आम्ही समुद्रापार विकत नाही. रीत पाळली गेली आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! रीत पाळली गेली म्हणून! पाद्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. कप्तान शिव्या घालत निघून गेला, त्याचे खलाशी आनच्याच खालच्या कोठारातून बाकीच्यांना दोराला बांधून होड्यांकडे नेत होते. त्यांची रांग खिडकीखालून गेली. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही मान वळवली नाही. या गावात मी जन्मलो याची मला तेव्हा किळस आली, आणि अजून येते.

शिपायाने पेंदाच्या बेड्या काढल्या. मी मावशीच्या कानाशी लागलो. "तू घे ना तिला विकत. आनच्या हाती परत नको देऊस."

"मला कशाला?" मावशी तिच्या तीन पुड्या पिशवीत भरत म्हणाली. "माझ्याकडे कांडायला बाया आहेत."

आनने सोनं अंगावर चढवायला घेतलं होतं. कानातलं, गळ्यातलं, सगळं सगळ्यांदेखत. मग ती पेंदाकडे वळली, काहीच झालं नाही अशा आवाजात.

"चल घरी. बाजरी तशीच पडलीय."

पेंदाने पोरीला पाठीशी नीट बांधलं. ती जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तिला विचार," ती वोलोफमध्ये म्हणाली. "आता पुढे तिचं काय हरवणार आहे?"

सभा उठलेली नव्हती, तेव्हा भाषांतर करणं माझं कामच होतं. मी ते मोठ्याने, सगळ्यांसमोर, फ्रेंचमध्ये विचारलं. आनने आरशासमोर बसल्यासारखं डोक्याचं फडकं नीट केलं.

"ते तिच्या वागण्यावर आहे," ती म्हणाली.

मी पेंदाकडे वळलो, तोंड उघडलं.

"राहू दे, दादा," पेंदा म्हणाली. "एवढं फ्रेंच मला कळतं."

आणि ती आनच्या मागोमाग घरी गेली.